सरड्याला ताप येतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्याचे दिवस आहेत आणि घरोघरी कुणी ना कुणी तापाने आडवं झालंय. आज तापाविषयी बोलू या. सुरुवात मात्र एका सरड्यापासून करतो, कारण ताप म्हणजे काय हे सरड्याइतकं स्वच्छ कुणीच दाखवलेलं नाही.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटात एक सरडा राहतो, वाळवंटी इगुआना. तळहाताएवढं धड आणि त्याहून लांब शेपूट. सरड्याचं रक्त थंड, म्हणजे अंगात ऊब तयार करणारी शेगडीच नाही. ऊब हवी तर उन्हात जायचं, नको असेल तर सावलीत. १९७४च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रश्न पडला की अशा प्राण्याला ताप येईल तरी कसा? त्यांनी एक लांबट खोका केला. एक टोक तापवलेलं, दुसरं थंड. निरोगी सरडे दोन्हीकडे ये-जा करत अंग साधारण ३८ अंश सेल्सिअसवर ठेवत. त्याच सरड्यांना मेलेल्या रोगजंतूंची सुई टोचली, आणि ते गरम टोकाला जास्त वेळ थांबू लागले. अंग दोनेक अंशांनी वाढवलं आणि तिथंच टिकवलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, श्रोतेहो. आजारी सरडा आपल्या पायांनी चालत जाऊन ताप घेऊन आला!

पुढचा प्रयोग १९७५चा. या वेळी जिवंत जंतू टोचले आणि सरड्यांना निवडच ठेवली नाही. काहींना ३४ अंशांत, काहींना ३८ मध्ये, काहींना ४० आणि ४२ मध्ये कोंडलं. गार ठेवलेले भराभर मेले आणि उबेत ठेवलेल्यांतले पुष्कळ जास्त वाचले. मग १९७६ साली बारा आजारी सरड्यांना ताप उतरवणारं, ॲस्पिरिनच्या कुळातलं औषध दिलं. औषध घेऊनही पाच सरड्यांना ताप चढला, ते पाचही जगले. उरलेल्या सातांना ताप चढलाच नाही, आणि ते सातही मेले.

आता आपल्या घरात या. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथं अंगाच्या तापमानाचा काटा असतो. जंतू शिरले की तो काटा ९८ फॅरनहाइटवरून समजा १०२ वर सरकतो. अंग अजून ९८ वरच असतं, म्हणून थंडी वाजते, दात वाजतात आणि माणूस गोधडी ओढतो. सरडा गरम टोकाला जातो, आपण गोधडीत शिरतो. गोष्ट एकच. काटा खाली आला की घाम फुटतो आणि गोधडी नकोशी होते. म्हणून हुडहुडी असताना पांघरूण द्या, घाम सुटला की काढा. घामात भिजलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळून ठेवू नका.

सरड्याचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. तापात अंगाचा खर्च वाढतो, दर एक अंश सेल्सिअसला साधारण १० टक्के. हृदयविकार असलेले, गरोदर आणि म्हातारी माणसं यांना तो खर्च जड जाऊ शकतो. शिवाय उन्हात काम करून अंग भाजल्यासारखं तापणं, म्हणजे उष्माघात, हा ताप नव्हेच. तिथं काटा सरकलेला नसतो, म्हणून गोळीचा उपयोग नाही. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

तेव्हा लक्षात ठेवा, आधी माणसाकडे पाहा, मग थर्मामीटरकडे. १०१ ताप असून पोर खेळत असेल, पाणी पीत असेल, तर घाई नाही. १००च आहे, पण पोर मलूल पडलंय, तर घाई आहे.

थर्मामीटर काखेत लावताना आधी घाम पुसा, दंड अंगाशी दाबून धरा आणि बीप वाजेपर्यंत हलू देऊ नका. तोंडात लावणार असाल तर चहा प्यायल्यावर वीस मिनिटं थांबा.

आता उपाय. पहिला पाणी, दुसरा पाणी, तिसराही पाणीच. तुळस-आल्याचा काढा जरूर करा: दोन कप पाणी, अर्धा इंच ठेचलेलं आलं, सात-आठ तुळशीची पानं, गवती चहाची दोन पाती, आणि पाच मिनिटं उकळी. आटवून जहाल करू नका. मिरी-दालचिनीची मूठ टाकली की रिकाम्या पोटात आग पडते आणि माणूस पाणीही नको म्हणतो. काढा जंतू मारत नाही. घसा शेकतो आणि पोटात पाणी जातं, तेवढंच काम, पण मोलाचं. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. गुळवेल महिनोन्‌महिने घेऊ नका. ती घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

खायला पेज. अर्धी वाटी तांदूळ, पाच-सहा वाट्या पाणी, शीत बोटाने दाबलं की विरघळलं पाहिजे. आधी वरचं निवळ मीठ घालून द्या, मग मऊ भात, मेतकूट, थोडं तूप.

कपाळावरच्या घड्यांनी बरं वाटतं, ताप फारसा उतरत नाही. अंग पुसायचं तर पाणी कोमट घ्या. मान, काखा, जांघा, पंधरा-वीस मिनिटं. बर्फाच्या पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आतली उष्णता आतच कोंडते. स्पिरिट तर कधीच चोळू नका, ते लहान मुलांच्या अंगात शोषलं जातं.

गोळी पॅरासिटामॉलची. मुलांना वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. सिरपच्या बाटलीवर ५ मिलीत १२०, १२५ की २५० मिलिग्रॅम ते वाचा, दुप्पट डोसची चूक इथेच होते. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन पावसाळ्यात स्वतःहून घेऊ नका. डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो.

आणि जाता जाता, शाळांनी शंभर टक्के हजेरीचं बक्षीस आता बंद करावं. त्या कागदापायी आई पोराला सकाळी सिरप पाजून बसमध्ये चढवते आणि दोन-तीन दिवसांत वर्गातली आणखी पोरं शिंकायला लागतात. तापातल्या पोराची जागा अंथरुणात आहे.

दवाखाना केव्हा? तीन महिन्यांखालचं बाळ आणि १००.४ ताप, तर ताबडतोब. आकडी (फिट), मान ताठ, धाप, बरळणं, तर ताबडतोब. तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर जा. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला, पोटऱ्या ठणकताहेत, डोळे लाल आहेत, तर लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात मिसळणाऱ्या जंतूंचा आजार, असू शकतो, त्याच दिवशी जा.

आणि डेंग्यूत ताप उतरला की धोका संपला असं समजू नका. पुन्हा सांगतो, ताप उतरला की धोका संपला असं समजू नका. उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस खरे जपायचे. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, सहा तासांत लघवी नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका.

उशाशी एक कागद ठेवा. त्यावर वेळ, ताप, कोणतं औषध किती दिलं आणि लघवी केव्हा झाली एवढंच लिहीत जा. दवाखान्यात निघताना तो कागद आणि औषधाची बाटली, दोन्ही सोबत घ्या. नमस्कार.