तराईतली पिवळी सुगरण

नमस्कार श्रोतेहो.

परवा शेतातल्या आखाड्यावर, विहिरीकडच्या बाभळीखाली सुगरणीचा जुना खोपा पडलेला दिसला. उचलला, आत बोट घातलं, तर भिंतीला वाळलेल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले. पात्या बहुतेक शेजारच्या उसाच्या, लांब चिरून गुंफलेल्या. परभणी असो की बीड, सुगरण कुठं राहते म्हणून कुणी विचारलं तर आपण विहिरीकडंच बोट दाखवणार.

तिच्या एका बहिणीचं मात्र तसं नाही. तिचं नाव फिनची सुगरण. अंगानं थोडी मोठी, चोच दणकट, आणि विणीच्या दिवसांत नर डोक्यापासून पोटापर्यंत हळदीसारखा पिवळा. नैनितालजवळच्या कालाढुंगीला मिळालेल्या पक्ष्यावरून पक्षी-अभ्यासक ह्यूम यांनी १८६९ मध्ये तिचं वर्णन केलं. पुढं कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये काम करणाऱ्या फ्रँक फिन यांना ती पुन्हा गवसली, म्हणून हे नाव.

साऱ्या जगात ती फक्त हिमालयाच्या पायथ्याशी आढळते. उत्तराखंड-उत्तर प्रदेशची तराई, म्हणजे डोंगरपायथ्याचा ओलसर सपाट पट्टा, लागून नेपाळातलं शुक्लाफांटा राष्ट्रीय उद्यान, आणि तिकडं दूर पूर्वेला आसाम. मध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर. नकाशावर हे दोन ठिपके तरी दिसतात. प्रत्यक्षात त्या ठिपक्यांतही सगळीकडं ती नाही. जिथं ओलसर, पुरुषभर उंच गवत आहे आणि मध्ये एखादी काटेसावर उभी आहे, तिथंच. झाडाच्या शेंड्यावर ती घर बांधते. नर आधी फांद्यांची पानं ओरबाडून काढतो, त्यामुळं घरटी लांबूनही उघडी दिसतात. कावळे अंडी-पिल्लं पळवतात.

पण खरा घाव गवतावर पडला. तराईतली ती कुरणं नांगरली गेली, तिथं भात आणि ऊस आला. आपल्या सुगरणीला ज्या उसानं पात्या दिल्या, त्याच उसाखाली हिच्या बहिणीचं रान गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. २०२१ मध्ये धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत तिची नोंद 'संकटग्रस्त' अशी झाली.

भरीस भर म्हणजे पिंजऱ्यासाठी होणारी धरपकड. श्रोतेहो, आपल्या आठवडी बाजारात कुणी सुगरणी, मुनिया विकायला बसला असेल तर घेऊ नका. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, त्यावर लगेच कळवा.