गोठ्यात फुकट, प्रयोगशाळेत महाग: वाळूमाशी पाळतात तरी कशी?

राम राम मंडळी! आधी हा डबा बघा.

(डबा कॅमेऱ्याजवळ धरतो)

लोणच्याच्या बरणीएवढा प्लास्टिकचा डबा. तळाला भोकं पाडलीत, त्यावर बोटभर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर. तुम्हाला दाखवायला कोरा बनवून आणलाय. परवा आजीनं पाहिला आणि विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?" म्हटलं, माशी पाळायचा डबा. आजी म्हणाली, "मंग गोठामा कमी शेतस का?"

आजीचं खरंय. धाब्याच्या घराच्या भेगेत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात ही माशी फुकट राहते. वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय. नावात वाळू असली तरी तापीच्या वाळवंटात शोधायला जाऊ नका, तिथं नाही सापडायची. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, अंगभर लव, बसली की पंख इंग्रजी व्हीसारखे उभे. उडण्यापेक्षा टुणटुण उड्याच जास्त. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून तर आरामात आत येते.

मग मुद्दाम पाळायची कशाला? कारण गोठ्यात धरलेली माशी आधी कुणाला चावून आलीय, हे ती सांगत नाही. अमुक माशी अमुक रोग पसरवते असं सिद्ध करायचं, तर जन्मापासूनची कुंडली माहीत असलेली माशी हवी. म्हणून पाळायची.

आणि इथंच घाम फुटतो. डास पाळणं त्यामानानं सोपं. ट्रेमध्ये पाणी, थोडं खाद्य, आठ-दहा दिवसांत डास तयार. वाळूमाशीच्या अळ्या पाण्यात नसतातच. त्या कुजलेलं शेण, पालापाचोळा मिसळलेल्या दमट मातीत वाढतात. अंड्यापासून माशी व्हायला, जात आणि तापमान बघून, साधारण दीड-दोन महिने लागतात. तेवढे दिवस तुम्ही तिचे सालदार!

खायला काय? सशाच्या लेंड्या आणि सशाचं खाद्य, समसमान. ओलं करून काही आठवडे कुजवायचं, वाळवायचं, दळायचं आणि चिमूटभर भुरभुरायचं. वास विचारू नका.

खरी कसोटी ओलीची. हे प्लास्टर माठासारखं खालून पाणी शोषतं. कोरडं पडलं की अंडी सुकली. जास्त भिजलं की बुरशी. तापमान २६ अंशांच्या आसपास, हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. आता हे भुसावळच्या मे महिन्यात करून दाखवा, जेव्हा बाहेर पारा ४५ ला टेकलेला असतो!

मी शिकाऊ होतो तेव्हा दिवाळीला गावी यायचं म्हणून डब्यात दोन दिवसांचं खाद्य एकदम टाकून आलो. परत जाऊन बघतो तर आत पांढरा कापूस पिकलेला. बुरशीच्या तंतूंत कोवळ्या अळ्या अडकून मेलेल्या. गंमत म्हणजे थोडी बुरशी त्या खातातही. जास्त झाली की तीच त्यांना खाते म्हणा ना.

मोठ्या माश्यांना, नर असो की मादी, साखरपाण्याचा बोळा चालतो. रक्त फक्त मादीला लागतं, अंड्यांसाठी. भूल दिलेला हॅमस्टर ठेवतात, किंवा कोंबडीच्या पिल्लाच्या कातडीचा पडदा लावून त्यामागे कोमट रक्त. चार-पाच दिवसांनी ती अंडी घालते आणि पुष्कळदा त्यातच मरते.

आता मनुक्यांची गोष्ट. काळा आजार, म्हणजे परजीवी जंतूमुळे येणारा जीवघेणा ताप (कालाआजार), माशीच पसरवते असा संशय होता, पण तिच्या चाव्यातून रोग काही लागेना. १९४०च्या सुमारास स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगी रक्त प्यायलेल्या माश्यांना दुसऱ्यांदा रक्त न देता मनुके चारले. त्या गोड रसावर परजीवी असे वाढले की माशीचा घसाच तुंबला. हीच युक्ती वापरून १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी माणसांवरच सिद्ध केलं की चाव्यातून काळा आजार होतो. माणसांवर! आज कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

काळा आजार बिहारकडचा, आपल्याला काय, असं म्हणाल. पण वाळूमाशीच पसरवते तो चांदीपुरा विषाणू, मुलांच्या मेंदूला सूज आणणारा, आपल्याच राज्यातला. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला, म्हणून हे नाव. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. २०२४ मध्ये गुजरातेत उद्रेक झाला, आणि गुजरात म्हणजे नंदुरबारच्या शेजारचंच घर. मुलाला अचानक ताप येऊन झटके आले, तर उतारा-बितारा करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. एका दिवसातही खेळ आटोपू शकतो.

पाळणाऱ्यांची झोप उडवणारी बाब पुढेच आहे. काळ्या आजाराचा परजीवी अंड्यात उतरत नाही. रोगी मादीची पिल्लंही निरोगी निपजतात. चांदीपुराचं तसं नाही. टेश आणि मोदी यांनी १९८३ मध्ये प्रयोगशाळेतल्या माश्यांत दाखवलं की हा विषाणू आईकडून अंड्यात जाऊ शकतो. म्हणजे डब्यात जन्मलेली, कुणालाही न चावलेली माशीसुद्धा तपासल्याशिवाय निर्दोष धरता येत नाही. कुंडली मागच्या पिढीपासून मांडावी लागते.

बरं, कोरा डबा आजीनं मागून घेतलाय. तळाला ओल टिकते ना, मग त्यात ओवा लावणार म्हणते.