काटा, पावती आणि शुक्रवारची दुपार

[दृश्य : पहाट. शिरोळ तालुक्यातला उसाचा फड. कोयत्यांचा आवाज.]

अजून नीट उजाडलेलं नाही. पाचट दवानं ओलं आहे, त्यामुळे पायाखाली वाजत नाही. बीडकडून आलेली टोळी फडात शिरली आहे. बुडातून एक घाव, शेंड्याला दुसरा. वाढं बाजूला, ऊस मोळीत. दहा वाजेपर्यंत ट्रॉली भरेल आणि कारखान्याच्या रांगेत जाऊन उभी राहील.

कृष्णा आणि पंचगंगा नरसोबावाडीत भेटतात, तो हा तालुका. काळी जमीन, भरपूर पाणी आणि नजर जाईल तिथवर ऊस. इथं लग्नाची तारीख, घराचा स्लॅब, पोराचं कॉलेज, सगळं एका शब्दावर ठरतं. बिल. उसाचं बिल.

[दृश्य : कारखान्याचा काटा. ट्रॉली वर चढते. आकडे पळतात, थांबतात.]

भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, ऊस गव्हाणीत पडतो आणि रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष. हातात येते ती तळहाताएवढी पावती. तिच्यावर टनेज असतं, तारीख असते. भाव नसतो.

माझं घर ऊसवाल्यांचंच. आमच्याकडे या पावत्या कोनाड्यात एका वाकवलेल्या तारेला खोचून ठेवलेल्या असायच्या. एका वर्षी ऊस जानेवारीत गेला आणि बिल पावसाळा तोंडावर आल्यावर जमा झालं. मधल्या काळात वडील रोज संध्याकाळी ती तार खाली काढायचे, पावत्या मोजायचे आणि पुन्हा टांगायचे. मोजून त्या वाढणार नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. आज या विषयावर बोलताना माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा ती तारच येते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिलंय की ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला, तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. भाव ठरवतं केंद्र सरकार. त्याला आधी किमान वैधानिक दर म्हणायचे. २००९ पासून रास्त आणि किफायतशीर दर म्हणतात, म्हणजेच एफआरपी.

२०१८-१९ च्या हंगामाचा हिशेब घेऊ. दहा टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून दहा किलो साखर निघाली तर, टनाला २७५० रुपये. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला साडेसत्तावीस रुपये जास्त. म्हणजे साडेबारा टक्के उतारा पडला, तर टनाला ३४३७ रुपये ५० पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. कोल्हापूर पट्ट्यातला उतारा देशात वरचा, म्हणून इथं हा हिशेब शाळकरी पोरालाही येतो. भांडण हिशेबाचं कधीच नव्हतं. लिहिलेले पैसे वेळेवर आणि एकरकमी हातात पडण्याचं होतं.

[दृश्य : जयसिंगपूर. ऊस परिषदेची गर्दी. बिल्ले, झेंडे, घोषणा.]

हे भांडण अंगावर घेऊन राजू शेट्टी मोठे झाले. शिरोळचाच शेतकऱ्याचा मुलगा, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत घडलेला कार्यकर्ता. २००४ मध्ये ते वेगळे झाले आणि स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी राहिली. त्याच वर्षी ते शिरोळचे आमदार झाले आणि २००९ मध्ये हातकणंगल्याचे खासदार. ‘एक व्होट, एक नोट’ ही त्यांच्या प्रचाराची घोषणा. लोकांनी मत द्यायचं आणि वर वर्गणीही द्यायची. साखर कारखानदारीतूनच राजकारणाची शिडी चढायच्या या मुलखात, कारखान्याच्या गेटबाहेर आंदोलनाला बसणारा माणूस लोकसभेत गेला. हे किती अवघड होतं, ते इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरते. पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, किती घ्यायची ते तिथं पुकारलं जातं. मग चर्चा, मग चक्काजाम. नोव्हेंबर २०१२ मध्ये आंदोलन पेटलं, तेव्हा सांगली जिल्ह्यात वसगडे इथं पोलिसांच्या गोळीबारात एक शेतकरी गेला. ऐन दिवाळीत. उसाच्या दराची किंमत कुणीतरी अशीही मोजलेली आहे, हे विसरून पुढं जाता येत नाही.

[दृश्य : इचलकरंजी. यंत्रमागांची खडखड. बाजारपेठ, खताचं दुकान, भांड्यांचं दुकान.]

हातकणंगले मतदारसंघ नुसता उसाचा नाही. इचलकरंजीचे यंत्रमाग त्याच मतदारसंघात येतात. शाहूवाडी आणि शिराळ्याचा डोंगरी भागही त्यातच. पण उसाचं बिल थकलं की त्याची झळ फक्त शेताच्या बांधापर्यंत राहत नाही. बिल बँकेत जमा होतं, तेव्हा सोसायटीचं पीककर्ज आधी कापून घेतलं जातं. उरलेल्यातून खतवाल्याची उधारी, किराणा, ट्रॅक्टरचा हप्ता. पैसा एक महिना मागं राहिला, की खतवाला मोठ्या व्यापाऱ्यापुढं हात जोडतो, लग्नाचा बस्ता पुढं ढकलला जातो, भांड्यांच्या दुकानात माशा. त्यामुळे ऊसदराचा प्रश्न हा इथल्या व्यापाऱ्याचाही प्रश्न आहे, आणि खासदारानं तो मांडावा ही अपेक्षा दोघांचीही.

[दृश्य : दिल्ली. संसद भवन, जुनी गोल इमारत.]

तो मांडायचा कसा? लोकसभेत गावाकडच्या प्रश्नाला काही ठरलेल्या खिडक्या आहेत. प्रश्नोत्तराचा तास. शून्य प्रहर. मग नियम ३७७, ज्यात लेखी निवेदन द्यायचं आणि तेही अडीचशे शब्दांच्या आत. अख्ख्या हंगामाचं दुखणं अडीचशे शब्दांत! काटा, उतारा, थकलेलं बिल, व्याज, सोसायटी, सगळं त्यात कोंबायचं, तेही ऊस कधी तोडताना न पाहिलेल्या माणसाला कळेल असं.

आणि चौथी खिडकी शुक्रवारच्या दुपारची. शेवटचे अडीच तास खासगी विधेयकांचे असतात. मंत्री नसलेला कुणीही सदस्य आपला कायदा मांडू शकतो. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी चौदाच विधेयकं कायदा झाली, आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. शुक्रवारी दुपारी बरेच सदस्य आपापल्या गावच्या गाडीची वेळ बघत असतात. तरीही ही खिडकी मला मोलाची वाटते. तिथं मागणी निव्वळ घोषणा राहत नाही. तिला कलमं लागतात, व्याख्या लागतात.

२०१८ चं वर्ष बघा. ४ जुलैला केंद्र सरकारनं खरीप पिकांचे हमीभाव जाहीर केले आणि दीडपट भाव दिल्याचं सांगितलं. दीडपट कशाच्या? बी-बियाणं, खतं, मजुरी यांचा प्रत्यक्ष खर्च आणि घरच्यांचे कष्ट, एवढ्याच्या. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज त्या हिशेबात नव्हतं. शेतकरी संघटनांची मागणी सर्व खर्च धरून दीडपट भावाची होती.

त्याच महिन्यात, १६ जुलैपासून, ‘स्वाभिमानी’नं मुंबई-पुण्याकडे जाणारं दूध अडवलं. खासदार रस्त्यावर. चौथ्या दिवशी राज्य सरकारनं उत्पादकाला लिटरला पंचवीस रुपये द्यायचं मान्य केलं.

आणि ऑगस्टमध्ये तेच खासदार लोकसभेत उभे राहिले, हातात दोन खासगी विधेयकं घेऊन. एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचं. दुसरं शेतमालाला किफायतशीर हमीभाव हा कायदेशीर हक्क करण्याचं. ही विधेयकं एकट्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या मंदसौरला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यानंतर देशभरातल्या संघटना अखिल भारतीय किसान संघर्ष समन्वय समितीत एकत्र आल्या. किसान मुक्ती यात्रा निघाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत किसान मुक्ती संसद भरली, तिथं या मसुद्यांवर चर्चा झाली. त्याच वर्षी शेट्टी सत्ताधारी आघाडीतून बाहेर पडले होते. राज्यसभेत हीच विधेयकं केरळचे के. के. रागेश यांनी मांडली.

[दृश्य : पुन्हा फड. मोळ्या ट्रॉलीत चढवणारे हात.]

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. देशभरातल्या शेतकऱ्यांसाठी कायद्यातला भाव मागायला ऊसपट्ट्यातला माणूस उभा राहिला, हा योगायोग नाही. उसाला लिहिलेला भाव आहे, चौदा दिवस आहेत, व्याज आहे. पैसे थकले, तर कागद दाखवून साखर आयुक्तांकडे जाता येतं, कोर्टात जाता येतं. भांडताना पाय टेकायला जागा असते. कांदावाल्याला ती नाही, टोमॅटोवाल्याला नाही, दूधवाल्याला नाही. त्यांचा माल बाजारात ओतला गेला, की कुठल्या कलमावर बोट ठेवायचं? शेट्टींनी संसदेत नेलं ते हेच आमच्याकडचं शहाणपण.

विधेयकं मंजूर झाली नाहीत. मे २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर ही विधेयकंही आपोआप बाद झाली. शेट्टी स्वतः त्या निवडणुकीत पडले. २०२४ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. आघाड्या बदलल्यानं त्यांच्यावर टीका झाली, माणसं दुरावली. साखरेचा भाव पडला की एफआरपी कुठून द्यायची, हा कारखान्यांचा सवालही खोटा नाही. केंद्रानं जून २०१८ मध्ये साखरेला किलोला २९ रुपयांचा किमान विक्री दर ठरवला, तो याच अडचणीमुळे.

पण मागणी मेली नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या सीमेवर पंजाब-हरियाणाचे ट्रॅक्टर येऊन उभे राहिले, तेव्हा केंद्राचे तीन नवे कृषी कायदे मागं घ्या याच्या जोडीला दुसरी मागणी हमीभावाच्या कायद्याचीच होती. कायदे मागं घेतले गेले. हमीभावाचा कायदा झालेला नाही.

इकडे राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपीचे तुकडे पाडायला मोकळीक दिली. आधी पायाभूत उताऱ्याप्रमाणे पहिला हप्ता, उरलेलं हंगाम संपल्यावर. शेट्टी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. खासदारकी नव्हती, पण कायद्यात लिहिलेली ओळ होती.

[दृश्य : संध्याकाळ. काट्यावरून उतरणारी रिकामी ट्रॉली. एक हात पावती घेतो. आवाज हळूहळू कमी.]

ट्रॉली रिकामी झाली. पावती हातात आली. ती दुमडून खिशात ठेवण्याआधी माणूस तिच्यावर एकदा नजर टाकतो. टनेज बघतो आणि मग तारीख. आजपासून चौदा दिवस.