गोड स्वभाव आणि उधारीची वही

नमस्कार. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या जोरावर घर उभे करणाऱ्या बाईविषयी 'स्वभावाने गोड आहे, म्हणून धंदा चालतो' असे आपण सहज म्हणून जातो. आज हे म्हणणे तपासून पाहू.

मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे पाच प्रमुख घटक मानले जातात: काटेकोरपणा, मनमिळाऊपणा, बहिर्मुखता, नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा आणि चटकन अस्वस्थ होण्याची वृत्ती. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा सर्व प्रकारच्या नोकऱ्यांत चांगल्या कामाशी जोडलेला दिसला तो काटेकोरपणा. झाओ आणि सायबर्ट यांनी २००६ मध्ये उद्योजकांची तुलना व्यवस्थापकांशी केली. उद्योजकांत काटेकोरपणा आणि खुलेपणा अधिक, अस्वस्थता कमी आणि मनमिळाऊपणाही कमी आढळला. बहिर्मुखतेत मात्र म्हणावा असा फरक नव्हता. तेव्हा अबोल मुलीला धंदा जमणार नाही, असे कोणी ठामपणे सांगू नये.

खरी गुंतागुंत मनमिळाऊपणात आहे. टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात कोणालाही नाही न म्हणणारी कर्मचारी सर्वांची लाडकी असते, आणि उरलेले कामही तिच्याच टेबलावर येते. भाकरी पुरवणारी बाई तशीच असेल, तर दुकानदाराची उधारी महिनोन्महिने थकते. मग तिने कठोर व्हावे का? जज, लिव्हिंगस्टन आणि हर्स्ट यांच्या २०१२ च्या अभ्यासात कमी मनमिळाऊ माणसांची कमाई जास्त आढळली खरी, पण त्याचा लाभ पुरुषांना बराच अधिक आणि स्त्रियांना थोडा होता. म्हणून 'जरा खमकी हो' हा सल्ला मला अपुरा वाटतो.

शिवाय स्वभावाला वाव असावा लागतो. हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने विड्या वळणाऱ्या बाईचा हात कितीही नेटका असला, तरी दर ठरवणे तिच्या हाती नसते. तिच्या तुटपुंज्या मिळकतीचे खापर व्यक्तिमत्त्वावर फोडणे अन्यायाचे आहे.

जिला स्वतःचा दर ठरवता येतो, तिने काटेकोरपणा येथे वापरावा: पहिल्याच खेपेला भाव, नग आणि पैसे देण्याचा वार वहीत लिहून दुकानदाराची सही घ्यावी. पुढे थकबाकी मागताना तिला आवाज चढवावा लागत नाही. वहीचे पान उघडून समोर ठेवले तरी पुरते.