वायथ, हेल्गा आणि चिखलाचे रंग

(पडदा काळा. हळूहळू दोन वेण्या दिसू लागतात.)

घाई नको, जरा थांबून बघा. मागं काळोख, अंगात गडद स्वेटर, नजर आपल्याकडं नाहीच आणि सगळ्या चित्रात उजेड म्हणावा असा काय तो त्या तांबूस-सोनेरी वेण्यांचा. एकेक केस सुटा काढलाय. ही हेल्गा टेस्टॉर्फ, आणि काढणारा अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायथ, ज्याच्या रंगांना डेव्ह हिकी नावाच्या अमेरिकन समीक्षकानं चिखल आणि बाळाची शी म्हणून टाकलं. हो, शी. आता खोटं कशाला बोला, पहिल्यांदा बघताना मलाही तसंच वाटलेलं, सगळं कसं मे महिन्यातल्या माळासारखं सुकलेलं.

पण हा माणूस सुरुवातीला असा नव्हता. वडील एन. सी. वायथ म्हणजे पुस्तकांतल्या चित्रांचं मोठं नाव, चाचे, लढाया, भरघोस रंग. पोराचं पहिलं प्रदर्शन १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत झालं, वय वीस, आणि ती मोकळीढाकळी वॉटरकलर्स सगळीच्या सगळी विकली गेली. मग ऑक्टोबर १९४५. पेनसिल्वेनियात चॅड्स फोर्डला, घराजवळच्या रेल्वे क्रॉसिंगवर वडिलांच्या गाडीला ट्रेननं उडवलं, गाडीत छोटा नातूही होता, दोघंही गेले.

(टेकडीचं चित्र. उतारावरून धावणारा मुलगा.)

हे 'विंटर १९४६'. टेकडी कर्नर नावाच्या जर्मन शेतकऱ्याची, आणि तिच्या पलीकडच्या अंगाला तेच क्रॉसिंग. वायथ म्हणायचा की ही टेकडी म्हणजे माझ्या वडिलांचं पोर्ट्रेट, जे त्यानं ते हयात असताना कधी काढलंच नाही. आता सांगा, या वाळक्या गवताला मातकट नाही तर कुठला रंग द्यायचा होता?

शिवाय कामाची पद्धतच तशी, एग टेंपेरा. अंड्याचा बलक, डिस्टिल्ड वॉटर आणि मातीच्या रंगांची पूड, बस. झटकन सुकतं, ऑइलसारखं घोळवत बसता येत नाही, मग बारीक रेघांवर रेघा, थरांवर थर, एकेका चित्राला महिनोन् महिने. नाहीतर ड्रायब्रश, म्हणजे वॉटरकलरचा ब्रश पिळून जवळजवळ कोरडा करायचा आणि त्यानं गवत नाहीतर केस विणत बसायचं.

आणि मत विचाराल तर १९७७ मध्ये रॉबर्ट रोझेनब्लम या कला-इतिहासकाराला शतकातला सगळ्यात डोक्यावर घेतलेला आणि सगळ्यात दुर्लक्षित चित्रकार कोण असं विचारलं, त्यानं दोन्हीकडं वायथचंच नाव दिलं. मला यापेक्षा खरं उत्तर सुचत नाही.

आता हेल्गा. कर्नर म्हातारा आजारी पडला, त्याची सेवा करायला शेजारची एक जर्मन बाई यायची, चार पोरांची आई. तिथंच, त्याच टेकडीच्या पायथ्याशी, वायथनं तिला पाहिलं. १९७१ ते १९८५, दोनशे चाळीसच्या आसपास चित्रं आणि स्केचेस, कपड्यात, विनाकपडे, झोपलेली, बर्फातून चालणारी, आणि हा सगळा साठा मित्राच्या घरी लपवलेला. १९८६ मध्ये लेनर्ड अँड्र्यूज नावाच्या प्रकाशकानं तो उचलला आणि ऑगस्टमध्ये टाइम आणि न्यूजवीक दोघांच्याही कव्हरवर हेल्गा. बायकोला, बेट्सीला, विचारलं की ही चित्रं कशाबद्दल आहेत, ती एकच शब्द बोलली. प्रेम. झालं, सगळ्यांना पाहिजे होतं ते मिळालं.

मग समीक्षक चिडले. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनं १९८७ मध्ये प्रदर्शन भरवलं तेव्हा तर जास्तच, कारण एका खाजगी मालकाचा माल सरकारी भिंतीवर लागला की भाव चढणारच, आणि पुढं तो अख्खा संग्रह एका जपानी कलेक्टरला विकलाही गेला. म्हणजे गुपिताचा बाजार झाला हे खरं, त्यात मी कुणाची बाजू घेत नाही.

पण लफडं होतं का, या एकाच प्रश्नावर अडून बसलं की बेट्सी नजरेतून सुटते. वायथच्या चित्रांना नावं ती द्यायची, कुठलं विकायचं, कुठलं ठेवायचं हेही तीच बघायची. १९३९ मध्ये पहिल्यांदा भेटली त्याच दिवशी त्याला अमेरिकेच्या मेन राज्यातल्या कुशिंग गावी ऑल्सन कुटुंबाच्या घरी घेऊन गेली, तिथली चालता न येणारी ख्रिस्टिना दाखवली, आणि त्यातून पुढं १९४८ चं 'ख्रिस्टिनाज वर्ल्ड' आलं, जे न्यूयॉर्कच्या मॉमानं, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं, १८०० डॉलरला घेतलं. त्या चित्रातल्या ख्रिस्टिनाचं धडही बेट्सीचंच, ती मॉडेल म्हणून बसलेली. थोडक्यात, गाजलेला वायथ हा बेट्सीनं दाखवलेल्या जागेतून आलेला, आणि हेल्गा ही तिनं न दाखवलेली, तिनं नाव न दिलेली गोष्ट. माझ्या मते त्याला लपवायचं होतं ते शरीर नाही, ते बघणं.

(पुन्हा वेण्या. यावेळी अगदी जवळून.)

आणि म्हणून रंग असे. चिखलाच्या रंगात ती थोडीशी सोनेरी रेघ केवढी भडक वाटते ते बघा, आजूबाजूला लाल-निळं असतं तर दिसली असती का?

पुढं म्हातारपणी हेल्गाच वायथची काळजी घ्यायची, उघड, सगळ्यांसमोर. जानेवारी २००९ मध्ये तो चॅड्स फोर्डलाच गेला, वय एक्याण्णव, ऐन थंडीत, म्हणजे टेकडी त्याच्या रंगाची असताना. पुरलं मात्र तिकडं मेनमध्ये, ऑल्सनांच्या दफनभूमीत, ख्रिस्टिनाजवळ, बेट्सीनं दाखवलेल्या त्या घरापासून जवळच.