कळसूबाईला दुपारी जा, आणि एकट्यानं जा

मंडळी, कळसूबाई म्हटलं की बेत ठरलेला असतो. शनिवारी रात्री पायथ्याचं बारी गाव गाठायचं, बॅटरीच्या उजेडात चढायचं आणि सूर्योदयाला माथ्यावर. परिणाम काय, तर शिड्यांपाशी रांग आणि देवळापाशी फोटोसाठी परत रांग. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि टेकायला जागा नाही! म्हणून माझं सांगणं एवढंच, की हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी दुपारी जा. नवरात्रातली जत्रा मात्र टाळा.

दुपारीच का? बारी गाव डोंगराच्या पूर्वेला आहे आणि वाटही त्याच अंगानं चढते. पहिला तास शेतांच्या बांधावरून जाताना ऊन लागतं, ते सोसावं लागतं. पण सूर्य कलला की तो शिखराच्या मागे सरकतो आणि डोंगराचीच सावली वाटेवर उतरू लागते.

चढताना एक गोष्ट नीट बघा. थोडं सपाट पठार, मग उभा कातळ, मग पुन्हा सपाटी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थराचा घट्ट भाग कडा होऊन उभा राहिला, पोकळ, ठिसूळ भाग झिजून पदर, म्हणजे मधली सपाटी, तयार झाली. लोखंडी शिड्या नेमक्या त्या घट्ट कड्यांवरच लावलेल्या आहेत. गर्दीत आपण समोरच्याच्या टाचा बघत चढतो, त्यामुळे ही रचना डोळ्यांत भरतच नाही. एकटं असलं की शिडीवर थांबून कातळाला हात लावता येतो, मागून कोणी "चला, चला" म्हणत नाही.

माथ्यावर कळसूबाईचं छोटंसं शेंदरी देऊळ. परिसरातल्या कोळी समाजाची ही देवी. कळसू नावाची मुलगी या डोंगरावर येऊन राहिली, अशी कथा गावात सांगतात. देवळापाशी बसा आणि चारी दिशा बघा. पहाटे येणाऱ्यांना पश्चिमेचे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले उजळलेले दिसतात. दुपारी ते उन्हाविरुद्ध काळेशार उभे असतात, आणि उजेड पडतो तो पूर्वेकडच्या पट्टा, औंढा, बितनगड या किल्ल्यांवर. या बाजूकडे फारसं कोणी वळून बघत नाही, मला तीच जास्त आवडते. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाचं.

आता कान देऊन ऐका. जी सावली सुखाची वाटते, तीच या वाटेवर अंधारही लवकर आणते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही. चढायला साधारण तीन तास धरा, म्हणजे साडेअकराच्या आत बारी सोडायला हवी. साडेतीनला जिथं असाल तिथून मागे फिरा, देऊळ समोर दिसत असलं तरी! शिड्या उजेडातच उतरायच्या. पाणी घरूनच न्या; सरबतवाले सुट्टीच्या दिवशी भेटतात, मधल्या वारी त्यांचा भरवसा धरू नका. पावसाळ्यात हा बेत करूच नका, कातळ निसरडा असतो आणि धुक्यात एकट्या माणसाला वाट सापडत नाही.

निघण्याआधी गावात एखाद्या घरी सांगून ठेवा, "मी एकटाच वर चाललोय, सहापर्यंत येतो." आणि उतरलात की त्या घरी जाऊन आल्याचं सांगा, मगच घोटीची गाडी पकडा.