पिवळं पान, पुस्तक आणि मोबाइल

नमस्कार श्रोतेहो.

परसातल्या संत्र्याची किंवा कुंडीतल्या लिंबाची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्यागार. मोबाइलवर विचारलं की पटापट उत्तरं येतात: पाणी वाढवा, पाणी कमी करा, युरिया टाका, एप्सम सॉल्ट फवारा. बागकामाचं चांगलं पुस्तक आधी उलट विचारतं, पिवळेपणा कोवळ्या पानांवर आहे की जून पानांवर? नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकतं. म्हणून त्यांची कमतरता आधी खालच्या जून पानांवर दिसते. लोह तसं हलत नाही, त्याची कमतरता शेंड्यावरच दिसते. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. या झाडाला त्याचा काहीच उपयोग नाही.

झाडाचं असं का होतं, हे क्रमानं समजून घ्यायचं असेल तर पुस्तकच हाती घ्या. छाटणी, कलम, मुळांची रचना, अन्नद्रव्यं यांचं ज्ञान वर्षावर्षाला बदलत नाही, आणि ते दोन मिनिटांच्या चित्रफितीत मावतही नाही.

पण लोह कमी आहे म्हटल्यावर पुष्कळ पुस्तकं सांगतात, आळ्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घाला. इथे थांबा आणि आपली माती बघा. नागपूरकडच्या बऱ्याच काळ्या मातीत चुनखडी असते. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, तिच्यावर व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका आणि कान जवळ न्या. चर्र आवाज होऊन बुडबुडे आले, तर चुना आहे. अशा मातीत घातलेलं हिराकस लवकरच न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मुळांना मिळत नाही. लोह मातीत असूनही झाड उपाशी राहतं, आणि आळं सतत ओलं ठेवलं तर दुखणं वाढतं. मग लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून, गाळून, संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारायचं. आधी एकाच फांदीवर फवारा, दोन दिवस बघा, पानं करपली नाहीत तरच बाकीच्या झाडावर. मातीत व्हिनेगर ओतून चुना मारायचा सल्ला मोबाइलवर हमखास मिळतो. बादलीभर ओतलं तरी जमिनीतला चुना त्याला पुरून उरतो.

म्हणून सल्ला छापील असो की मोबाइलवरचा, तो कुठल्या मातीतून आणि कुठल्या हवेतून आला आहे, ते आधी बघा. इंग्लंडमध्ये लिहिलेलं पुस्तक टोमॅटोचं रोप वसंतात बाहेर लावायला सांगतं, कारण तिथे तेव्हा गोठवणारी थंडी संपते. आपल्याकडे मार्चनंतर ऊन चढत जातं आणि फुलं गळतात. इथे हिवाळी टोमॅटोचं रोप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाफ्यात तयार करायचं. बंगळुरूच्या गच्चीवरचा गुलाब मे महिन्यातही टवटवीत दिसतो. तिथली माती तांबडी, हवा सौम्य. तोच गुलाब नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्या गच्चीवर भर उन्हात ठेवला तर कळ्या जळतात. त्याला निम्मी सावली देणारी हिरवी जाळी हवी. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी घालू नका. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर झाड फक्त उन्हाने दमलं आहे, संध्याकाळी सावरेल.

पुस्तकाचं छपाईचं वर्षही वाचा. जुन्या पुस्तकांत वाळवीला बीएचसी पावडर, मावा-तुडतुड्यांना एन्डोसल्फान लिहिलेलं असतं. बीएचसीवर देशात १९९७ पासून बंदी आहे, एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये थांबवलं. तेवढं पान पेन्सिलीने खोडून ठेवा, घरातलं दुसरं कुणी वापरायला नको. नव्या किडींसाठी मात्र मोबाइलच कामाचा. पपईवर कापसासारखा थर धरणारा पिठ्या ढेकूण भारतात पहिल्यांदा २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळला. त्याआधीच्या पुस्तकात तो सापडणारच कसा? शोधताना कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरला अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची माहिती आधी बघा. आणि सांबाराची कीड शोधायची असेल तर कोथिंबीर असं लिहा, नाहीतर इडलीसोबतचं सांबार समोर येतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मात्रेत. ‘थोडं निंबोळी तेल’ म्हणणारा सल्ला सोडून द्या. लिटरला ५ मिली तेल, १ मिली पातळ साबण, आणि फवारणी ऊन उतरल्यावर, हे स्पष्ट सांगणाराच ऐका. बोर्डो या बुरशीनाशकाचा घोळ तर नेहमीचा. बोर्डो मिश्रण पानांवर फवारतात: लिटरला १० ग्रॅम मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि १० ग्रॅम कळीचा चुना. बोर्डो मलम खोडाला लावतात, ते दहापट दाट: लिटरला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना. मलमाचं माप ऐकून पानांवर फवारलं की झाड करपलंच.

पावसाळ्याआधी संत्र्याच्या खोडाला मलम लावणार असाल, तर अर्ध्या लिटर पाण्यात मोरचूद आणि अर्ध्या लिटरमध्ये चुना, असं प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवा. लोखंडाचं भांडं नको. चुना थंड होऊ द्या, मग दोन्ही एकत्र ओतत ढवळा. त्यात लोखंडी सुरीचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे. थर येणं थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालत जा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशने लावा, आणि केलेलं त्याच दिवशी संपवा.